पोर्टलंडचा कागद

फोन यायचा होता कारीला, आला बाल्डरला.

आज सातवा दिवस. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. पोर्टलंडच्या आइस हॉकी संघाने पाठवलेल्या ऑफर शीटवर कारीने सही केली, तेव्हापासून तळ्याकाठच्या आर्नेस गावी इस्फेल्डांच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं की झोपलं नव्हतं. कारी बावीस वर्षांचा. पहिला करार संपला होता, पण त्या वयात खेळाडू पुरता मोकळा होत नाही. दुसऱ्या कुणी त्याला कितीही पगार देऊ केला, तरी त्याच्या जुन्या संघाला, म्हणजे स्टर्जन्सना, सात दिवस मिळतात. तेवढाच पगार कबूल करून त्याला ठेवून घ्यायचं, नाहीतर बदल्यात ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्क घेऊन त्याच्यावर पाणी सोडायचं. घरात त्या ऑफर शीटला सगळे नुसतं 'कागद' म्हणत. उठल्याउठल्या कुणीतरी विचारी, "कागदाचं काय?" आणि कुणीतरी म्हणे, "काही नाही."

बाल्डर शेडमध्ये जाळी धुवत होता. मासेमारीचा उन्हाळी हंगाम संपला की इस्फेल्डांच्या घरी सगळे जण जाळी धुवायला जमत. त्याला आणि कारीला लीगमध्ये नाव मिळालं, पैसा मिळाला, तरी हा दिवस कुणी चुकवला नव्हता. मोटारीच्या काचा, भिंती, दोऱ्या, सगळीकडे तळ्यातून उठलेल्या लांब शेपटीच्या माश्या चिकटल्या होत्या. पायाखाली त्या कुरकुर वाजत. दरवर्षी जुलैत आठ-दहा दिवस हे असंच चालायचं.

"जेवतोयस का?" पेलेटिएने फोनवर विचारलं. हा स्टर्जन्सचा जनरल मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, सगळं त्याच्या हातात.

"जाळी धुतोय. बोला."

"तुझ्या भावाला आम्ही सोडणार नाही, बाल्डर. मालकांनीही तेच सांगितलंय. पण लीगने घातलेल्या पगाराच्या मर्यादेत जागा उरलेली नाही. कारीला त्या पगारावर ठेवायचं तर कुणाला तरी हलवावं लागेल."

बाल्डर आठ वर्षं या संघात डिफेन्समध्ये खेळत होता. पेलेटिए 'कुणाला तरी' म्हणतो तेव्हा नाव आधीच ठरलेलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. आजवर ते नाव दुसऱ्या कुणाचं तरी असायचं.

"टक्सनच्या संघाशी बोलणं झालंय. तिथे तुला पहिल्या जोडीत खेळवतील."

"माझ्या करारात संमतीशिवाय बदली न करण्याचं कलम आहे."

"म्हणून तर विचारतोय. तू लिहून दिलंस तरच. चारपर्यंत सांग, म्हणजे मला हातात तासभर मिळेल." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुला हे नवीन दिसतंय. फ्रीडाशी मी काल दुपारीच बोललो होतो."

*

फ्रीडा व्हरांड्यात झाडू घेऊन माश्या लोटत होती. बाल्डर पायातले ओले गमबूट न काढता पायऱ्या चढला, तेव्हाच तिने ओळखलं.

"काल दुपारी," तो म्हणाला.

"बस जरा."

"काल दुपारी त्याने तुला सांगितलं. रात्री तू माझ्यासमोर बसून दोन वाट्या सूप प्यायलीस."

"मला वाटलं, तो दुसरा काहीतरी मार्ग काढेल. तुझ्यापर्यंत येणार नाही."

"खोटं नीट बोलता येत नाही तुला. वकील कशी झालीस देव जाणे."

फ्रीडा तिघा भावंडांत मोठी. बाल्डरचे करार तीच बघायची, आणि कारी मोठा झाल्यावर त्याचेही. घरचीच वकील असताना बाहेरचा एजंट कशाला, असं सगळ्यांनी म्हटलं होतं, आणि तिनेही ते कौतुकाने ऐकून घेतलं होतं. त्या वेळीच नाही म्हणायला हवं होतं. कारीने तिला फोनवर जे सांगितलं होतं, ते बाल्डरला सांगता येत नव्हतं. पेलेटिए जे म्हणाला, ते बाल्डरला त्याच मिनिटाला सांगणं तिचं काम होतं. एकाचं गुपित राखायला तिने दुसऱ्याचा हक्क मारला होता.

"मला मुदत टळून जायला हवी होती," ती म्हणाली.

"म्हणजे कारी जाणार."

तिने झाडू भिंतीला टेकवला. तो घसरून खाली पडला.

"फ्रीडा, म्हणजे कारी जाणार."

"हो."

"आणि तुला ते चालतं?"

"मला काय चालतं, याला इथे कोण विचारतंय? बाल्डर, तुझी वकील म्हणून सांगते, कशावरही सही करू नकोस."

"आणि बहीण म्हणून?"

तिने उत्तर द्यायच्या आत आतून आईची हाक आली. मासे गार होत होते.

*

सिग्रूनने पिकरेल माशांचे गाल लोण्यात परतले होते. नवे बटाटे होते, वर शेपू, काळा पाव. मासा विकायला गेला तरी गाल घरीच राहायचे. कोळ्याच्या घराची तेवढी चैन. नवरा स्टेफान टेबलाच्या टोकाला, दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून बसला होता. सून डॅरिया, बाल्डरची बायको, सरळ कुणाच्या तरी गोठ्यातून आली होती. ती गुरांची डॉक्टर. अंगातला कामाचा झगा तसाच, हात तेवढे कोपरापर्यंत धुतलेले. तिच्या दोन्ही मुली बाहेर झोपाळ्यावर होत्या. कारी पहाटेच बोट घेऊन शेवटची जाळी उचलायला गेला होता आणि अजून परतला नव्हता.

बाल्डरने बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं. टक्सन, कलम, चार वाजता. सांगून झाल्यावर त्याने बटाटे वाढून घेतले.

"मग दे लिहून," स्टेफान म्हणाला.

इतकं सरळ. मीठ मागावं तसं.

"तू तिशीला टेकलास. फार तर चार वर्षं खेळशील. पोरगं बावीसचं आहे, त्याच्यापुढे पंधरा वर्षं पडलीत. घराजवळ एकच राहणार असेल तर तो राहू दे. हिशेब सोपा आहे."

बाल्डरच्या डोक्यात शेडपासून टेबलापर्यंत येताना हाच हिशेब झाला होता. पण बापाच्या तोंडून ऐकताना त्याचा काटा हातातच राहिला. ते सिग्रूनने पाहिलं.

"वा!" डॅरिया सासऱ्याला म्हणाली. "घोडेबाजारात यापेक्षा जास्त विचार करतात, पाबी. निदान दात तरी बघतात."

"मी वाईट बोललो का? पगार तोच राहणार. टक्सनलाही घोडे असतील."

"असतील की. पण आर्बोर्गच्या दवाखान्यात माझी भागीदारी आहे. पाटीवर माझं नाव येऊन वर्षही झालं नाही. ती पाटी काखेत घेऊन वाळवंटात जाऊ?"

"बायका जातात नवऱ्यामागे. सगळ्या खेळाडूंच्या जातात."

"मम्मा," डॅरिया सासूकडे वळली, "तुम्ही काहीतरी बोला."

बाल्डर सांगत असताना क्षणभर सिग्रूनला बरं वाटलं होतं: धाकटा राहील, शनिवारी घरी येईल, त्याच्या खोलीतले कपडे तसेच राहतील. दोन मुलं तराजूत घातल्यासारखी एकदम तिच्यापुढे आली आणि पारडं झुकलेलंही तिने पाहिलं. त्या शरमेने ती उठून कॉफीचं भांडं घेऊन आली. कुणी मागितलेली नसताना.

"कारीला कुणी विचारलं का?" डॅरियाने विचारलं.

"कारीला काय विचारायचं?" स्टेफानने हात उडवला. "स्टर्जन्सनी त्याला एप्रिलमध्ये निम्म्या पगारावर गुंडाळायला बघितलं. म्हणून पोराने पोर्टलंडचा कागद त्यांच्या नाकासमोर धरला. आता बघा, कसे सुतासारखे सरळ आले. हुशार आहे माझा पोर."

फ्रीडा पावाच्या एकाच तुकड्याला लोणी लावत होती. लावून झालं तरी लावत होती.

"फ्रीडा," सिग्रून हळूच म्हणाली.

"मला विचारू नकोस, मम्मा."

"मी विचारत नाहीये. नुसती बघतेय."

तेवढ्यात धक्क्याकडून बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. मुली ओरडत उताराने धावल्या.

*

जाळी दहा वाजताच उचलून झाली होती, हे कारीने कुणाला सांगितलं नाही. खडकांच्या रांगेपलीकडे फोन लागत नाही, म्हणून तो तिथे इंजिन बंद करून बसून राहिला होता. दोन वाजले तरी पाणी कापत घरी यायला मन होईना. शेवटी माश्या इतक्या अंगावर आल्या की निघावंच लागलं.

धक्क्यावर सगळं घर उभं होतं. त्याने दोरी खुंटीला बांधली, माशांचा टब उचलून वर ठेवला. बाल्डर पुढे आला, वाकला, त्याने दोरी सोडली आणि पुन्हा नीट आवळून बांधली. मग उठून त्याने कारीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर तयार करून आणलेलं हसू होतं.

"झालं तुझं काम. ते तुला ठेवून घेतायत. मी टक्सनला जातोय, तेवढी जागा होते. चारला लिहून देतो."

"नको," कारी म्हणाला.

"अरे, ठरलं."

"कुणी ठरवलं? नको म्हणतोय ना."

"भावाचं ऐकावं," स्टेफान मागून म्हणाला. "असा भाऊ—"

"बाल्डर, मला जायचंय."

टबातला एक मासा अजून शेपूट आपटत होता. बाल्डरचा हात खांद्यावरच होता, पण आता तो कुठे ठेवायचा हे त्याला कळत नसावं.

"पगार तोच देतायत ते," तो म्हणाला. "पोर्टलंडइतकाच."

"मला माहीत आहे. मी फ्रीडाला म्हटलं होतं, असा कागद आण की यांना तो जुळवताच येणार नाही. मला तिथून निघायचं होतं."

सगळ्यांनी फ्रीडाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. गेल्या सात दिवसांत प्रथमच तिचे खांदे सैल झाले.

"माझ्यापासून?" बाल्डरने विचारलं.

कारीला खोटं बोलायची फार इच्छा झाली. तो म्हणाला, "एप्रिलमध्ये मला त्या टोलेडोवाल्याने धडक दिली. साधी धडक होती. मी उठून उभासुद्धा राहिलो होतो. तू हातमोजे फेकून धावलास, त्याला बडवलंस आणि हात मोडून घेतलास. पुढचे चार सामने आपण तुझ्याविना खेळलो आणि हरलो. मोसम संपला. घरी आलो तर दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर लोक मला काय म्हणत होते? नशीबवान आहेस पोरा, असा भाऊ मिळाला."

"मग काय करायला हवं होतं मी? बघत उभं राहायचं?"

"हो!"

"तुला मारत असताना?"

"हो! बघत उभं राहायचं! बावीस वर्षांचा झालोय मी, आणि आत्ता, या घटकेला, तू माझी दोरी सोडून परत बांधलीस!"

सगळ्यांच्या नजरा खुंटीकडे गेल्या. धाकट्या मुलीला हसू फुटलं. डॅरियाने तिला जवळ ओढलं.

बाल्डरने हात काढून घेतला. तो रागावला की त्याचा आवाज चढत नसे, उलट खाली येई, आणि मग घरातले सावध होत.

"बरं," तो म्हणाला. "मग तर लिहून देतोच."

"का?"

"तुला माझ्यापासून सुटका हवी ना? मी जातो. तू राहा तिथेच. माझी जागा घे, माझं कपाट घे. पेट्रोल पंपावर काय म्हणतात तेही ऐकत बस."

तो खिशातून फोन काढून पाण्यात गेलेल्या दगडी बांधाकडे चालायला लागला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"चला," स्टेफान म्हणाला, "म्हणजे शेवटी पोरगं राहतंय ना? कसंही का होईना—"

"स्टेफान," सिग्रून म्हणाली, "आता एक शब्द बोलू नकोस."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं, आणि तेही पोरांच्या देखत. स्टेफानचं तोंड उघडं राहिलं. ती सुनेकडे वळली. "तू जा. माझं नाही ऐकणार तो. मी गेले तर लहान मुलासारखा हट्टाला पेटेल."

*

डॅरिया बांधाच्या दगडांवरून तोल सांभाळत गेली. बाल्डर अगदी टोकाला बसला होता. पाठीवर, मानेवर माश्या बसल्या होत्या, तो झटकत नव्हता. फोन हातात होता, पण अजून लावलेला नव्हता.

ती त्याच्या शेजारी बसली नाही. उभीच राहिली.

"समजूत काढायला आलीस?"

"नाही. मला राग आलाय. तो तुझ्यासमोर यावा म्हणून आलेय." तिने श्वास घेतला. "तू टेबलावर सांगितलंस. सगळ्यांबरोबर मला. बापाला कळलं त्याच मिनिटाला मला कळलं, की माझा नवरा वाळवंटात जाणार की नाही याचा आज चार वाजता निकाल आहे."

त्याला हे सुचलंच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं.

"मी टक्सनला येणार नाही," ती म्हणाली. "मुलीही येणार नाहीत. तुला जायची हौस असेल तर जा, मी स्वतः विमानतळावर सोडीन. पण कारीला धडा शिकवायला म्हणून जाणार असशील, तर त्या धड्याची फी मी भरणार नाही."

त्याने मानेवरच्या माश्या एका हाताने झटकल्या.

"इतका वाईट आहे का मी?" त्याने विचारलं. "खरं सांग."

"मागच्या आठवड्यात मी गाडी मागे घेत होते. तू खाली उतरून पाठीमागे उभा राहिलास आणि हातवारे करायला लागलास."

"कुंपण होतं मागे."

"बाल्डर, मी हजार किलोच्या बैलाच्या मागे उभी राहून हात घालते. मला गाडी मागे घेता येते."

त्याला हसू आलं. आवरलं नाही. मग ते हसू चेहऱ्यावरच मोडलं आणि त्याने मनगटाने डोळे पुसले.

"त्याला मी नकोय, डॅरिया. स्केट्सच्या नाड्या बांधायला मी शिकवलं त्याला."

"त्याला तू हवायस. फक्त पुढे उभा असलेला नकोस."

चाराला दहा मिनिटं कमी असताना त्याने फोन लावला. ती जायला निघाली, तर त्याने हाताने थांब म्हणून खूण केली.

"नाही," तो फोनवर म्हणाला. "हो, विचार केला... नाही. लिहून देणार नाही." पलीकडून पेलेटिए बराच वेळ बोलत होता. शेवटचं वाक्य डॅरियालाही ऐकू आलं: "मग भाऊ जाईल तुझा."

"जाऊ दे," बाल्डर म्हणाला.

हे दोन शब्द बोलणं त्याला किती जड गेलं, ते एकट्या डॅरियाने पाहिलं.

*

परत आल्यावर त्याने कारीला एवढंच सांगितलं: "नाही म्हणून कळवलं." कारीने मान हलवली. आभार मानावेत असं त्याला वाटलं, पण भावाने आपल्याला जाऊ दिलं म्हणून आभार कसे मानतात, ते त्याला येत नव्हतं.

मग सगळे जाळ्यांकडे वळले. हात रिकामे राहणं कुणालाच झेपत नव्हतं. फ्रीडा आणि डॅरियाने एक जाळं घेतलं, दोघा भावांनी दुसरं. पाण्याचा पाइप स्टेफानच्या हातात होता आणि तो कुणाकडेही न बघता पाणी मारत होता.

"पोर्टलंडमध्ये पाऊस फार," मग बाल्डर म्हणाला.

"ऐकलंय."

"छत्री घे." लगेच जीभ चावून तो म्हणाला, "किंवा नको घेऊस. भीज."

कारी हसला. त्या हसण्याने शेडमधली हवा जरा हलली. तो तिथल्या घरांबद्दल बोलायला लागला, नदीकाठच्या एका जागेबद्दल, जी त्याने फोनवर नुसती चित्रात पाहिली होती. बाल्डर ऐकत होता. कारीने एक टोक वेडंवाकडं गुंडाळलं, तेव्हा त्याचे हात पुढे झाले आणि मध्येच थांबले. तो आपलं टोक गुंडाळत राहिला.

"आणखी एक," फ्रीडा पलीकडून म्हणाली. "तुमच्यापैकी एकाने दुसरा एजंट बघायचा. हे पाप परत माझ्याच्याने होणार नाही."

"मी बघतो," दोघंही एकदम म्हणाले.

सिग्रून कॉफी घेऊन आली, त्याबरोबर मनुकांच्या सारणाचा थरांचा केक. एरवी तो नाताळातच व्हायचा. सात दिवस झोप नाही म्हटल्यावर तिने काल बसून केला होता. कारीसाठी निरोपाचा, की राहिल्याच्या आनंदाचा, हे तिने कालही ठरवलं नव्हतं. तिने त्याच्या ताटलीत दोन तुकडे ठेवले.

पाचाला सात मिनिटं कमी होती. फ्रीडाचा फोन वाजला.

तिने ऐकलं. एकदा "कधी?" म्हणाली, एकदा "कोण?" म्हणाली. मग फोन खाली घेतला.

"त्यांनी कागद जुळवला," ती म्हणाली. "कारी स्टर्जन्सकडेच राहतोय."

स्टेफानने पाइप सोडून दोन्ही हात वर केले. त्याच्या घशातून निघालेला आनंदाचा आवाज शेडच्या पत्र्याला लागून परत आला. दुसरं कुणीच ओरडलं नाही. पाइप जमिनीवर वळवळत सगळ्यांचे पाय भिजवत होता.

"मग मला सोडवून घे," कारी म्हणाला. "दुसरीकडे पाठवायला सांग त्यांना."

"वर्षभर नाही. जुळवलेल्या खेळाडूला वर्षभर कुठे पाठवता येत नाही, नियम आहे."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या. जे बोलायला नको होतं ते सगळं बोलून झालं होतं. आता सप्टेंबरपासून रोज सकाळी एकाच खोलीत बसून स्केट्स चढवायचे होते.

"जागा कुठून केली?" बाल्डरने विचारलं. उत्तर येण्याआधीच त्याचा चेहरा उतरायला लागला होता. "फ्रीडा, कुणाला पाठवलं?"

"लाउरीला. टक्सनला. त्याच्या करारात तुझ्यासारखं कलम नव्हतं. त्याला विचारावंही लागलं नाही."

लाउरी स्टर्जन्सचा गोलरक्षक. मूळचा फिनलंडचा. बाहेरगावी सामने असले की कारी आणि तो एका खोलीत राहत. बाल्डरचा तर तो सहा वर्षांचा मित्र. तीन आठवड्यांपूर्वी त्याला मुलगी झाली होती, आणि आपल्या मुलींचा पाळणा बाल्डरने स्वतः ट्रकमध्ये घालून त्याच्या घरी पोचवला होता.

स्टेफानने वाकून पाइपचा नळ बंद केला.

"त्याच्या घरी आज कोण कोण असेल?" सिग्रूनने विचारलं.

"बायको," कारी म्हणाला. "तिची आई आलीये तिकडून. महिनाभर राहणार होती."

"इंग्रजी येतं का तिला?"

"नाही."

सिग्रून उपड्या टबावर बसली. आपल्या टेबलावर दुपारी झालेला हिशेब आता त्या घरात चालला असेल, हे तिला दिसत होतं. तिथे तर हो-नाही म्हणायलाही कुणाला जागा नव्हती.

बाल्डरने जाळं खाली ठेवलं. हात विजारीला पुसून त्याने फोन काढला.

"काय सांगणार त्याला?" डॅरियाने विचारलं.

"माहीत नाही. मी नाही म्हटलं म्हणून तुझ्यावर आलं, एवढं तरी माझ्या तोंडून कळू दे त्याला. पेलेटिएकडून नको."

"तू नाही म्हटलंस, कारण मी सही केली होती," कारी म्हणाला.

"ते राहू दे. मी बोलतो. तू यात पडू नकोस, मी सगळं नीट—"

तो थांबला. फोन हातात, तोंड अर्धवट उघडं.

बाल्डरने फोन स्पीकरवर टाकला आणि दोघांच्या मध्ये, उलट्या केलेल्या दुसऱ्या टबावर ठेवला. कारी जवळ येऊन गुडघ्यांवर बसला.

रिंग वाजत राहिली. पाचव्या रिंगला कुणीतरी उचलला. आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, मग एक बाई परक्या भाषेत भराभर काही बोलली, मग लाउरीचा दमलेला आवाज.

"हं, बाल्डर."

बाल्डरचे ओठ हलले. सवयीने तो पुढे झुकला. मग मोठ्या कष्टाने मागे सरून बसला.

"लाउरी," कारी म्हणाला, "बाल्डर इथेच आहे. पण आधी मी बोलतो. मी कारी."